आंबा शोधाल तर आंब्याचा सापडणार नाही : टॅब्लेटच्या ब्राउझरांमधली शब्दशोध सोय

तारकर्लीच्या होमस्टेमधल्या काउंटरवरचा टॅब्लेट असो, दापोलीतल्या शाळेतला असो की हर्णै बंदरात एखाद्या बोटमालकाच्या हातातला, त्यावर उघडणारी कामाची पानं एकाच जातीची असतात: लांबलचक. हवामान खात्याचा सगळ्या किनारपट्टीचा इशारा, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक, मत्स्यव्यवसाय विभागाचं परिपत्रक, अनुदानाच्या लाभार्थ्यांची तालुकावार यादी. हवी असते त्यातली एक ओळ. ती बोटाने पान सारत सारत डोळ्यांनी हुडकायची, आणि नजर चुकली की पुन्हा वरून सुरुवात. प्रत्येक ब्राउझरात यासाठी फुकटची सोय आहे, पान एकदा उतरलं की इंटरनेट गेलं तरी ती चालते, आणि तरीही ती मेनूच्या पोटात धूळ खात पडलेली असते.

इथे परीक्षण आहे ते त्या सोयीचं: अँड्रॉइड टॅब्लेटवर क्रोम, फायरफॉक्स, सॅमसंग इंटरनेट आणि एज, आयपॅडवर सफारी. निकाल आधीच सांगून टाकू. ब्राउझरांत फरक आहे, पण तो बटणांच्या जागेचा आणि थोड्या आरामाचा. शब्द सापडतो की नाही हे ठरतं खोक्यात तुम्ही काय टाइप करता यावर, कारण ही सोय फक्त अक्षरापुढे अक्षर जुळवते. तिला मराठी येत नाही.

क्रोम

पान उघडल्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यातले तीन उभे ठिपके दाबा आणि यादीतून 'फाइंड इन पेज' निवडा. टॅब्लेटची भाषा मराठी असेल तर त्याच जागी पेजमध्ये शोधण्याची मराठी ओळ दिसते. फोनवर शोधाची पट्टी पूर्ण रुंदीची येते, टॅब्लेटवर मात्र ती वर उजवीकडे लहानशी उघडते आणि पानाचा बराचसा भाग मोकळा राहतो. टाइप करता करताच जुळणारे तुकडे पिवळे होतात, ज्या तुकड्यावर तुम्ही आहात तो नारिंगी. शेजारी '३/१७' असा आकडा येतो, म्हणजे सतरांपैकी तिसऱ्यावर आहात. वर-खाली बाणांनी पुढे-मागे जायचं. शब्द टाइप करून झाला की कीबोर्डवरची शोधाची कळ दाबावी. कीबोर्ड मिटतो आणि आडव्या धरलेल्या टॅब्लेटचा जवळजवळ निम्मा पडदा परत मिळतो. हे न करता बाण दाबत बसणारे लोक 'सापडलेलं दिसतच नाही' अशी तक्रार करतात. सापडलेलं असतं, कीबोर्डाच्या मागे.

क्रोमचं खरं बलस्थान पानाच्या उजव्या कडेला आहे. शोध चालू असताना तिथे एक उभी पट्टी उमटते आणि प्रत्येक जुळणीची एक बारीक आडवी रेघ तिच्यावर दिसते. पट्टीवर बोट टेकवलं की पान थेट तिथे जातं. लांब यादीसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. समजा जिल्ह्याच्या यादीत 'राजापूर' शोधलं. एक-दोन रेघा वरच्या बाजूला सुट्या आणि मग एका जागी दाट झुबका दिसला, तर झुबका म्हणजे राजापूर तालुक्याची यादी, आणि वरच्या सुट्या रेघा म्हणजे प्रस्तावनेतले उल्लेख. बाण वीस वेळा दाबायची गरज उरत नाही.

घाटात किंवा खाडीपलीकडच्या गावात रेंज जाते, त्यासाठी आणखी एक. तीन ठिपक्यांच्या यादीत सगळ्यात वर खाली वळलेला बाण असतो, त्याने पान उतरवून ठेवता येतं. उतरवलेल्या पानातही शोध तसाच चालतो. पावसाळ्यात वेळापत्रकाचं पान घरच्या वायफायवर उतरवून ठेवलं तर स्टेशनावर रेंजची वाट पाहावी लागत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेली लिंक बऱ्याचदा क्रोमच्या आटोपशीर खिडकीत उघडते. तिथल्या तीन ठिपक्यांतही ही सोय असते. लिंक दुसऱ्या एखाद्या ॲपच्या स्वतःच्या खिडकीत उघडली आणि मेनूत शोध दिसला नाही, तर पान 'ब्राउझरमध्ये उघडा' म्हणून बाहेर काढा आणि मग शोधा.

सफारी

आयपॅडवर वाटा दोन. पहिली: चौकटीतून वर निघणाऱ्या बाणाचं शेअर बटण, त्याखालची यादी वर सरकवायची, 'फाइंड ऑन पेज'. नव्या आवृत्त्यांत मेनूंची जागा थोडी हलली आहे, त्यामुळे जुनी चित्रं पाहून शिकलेल्यांची गडबड होते. दुसरी वाट त्यापेक्षा भरवशाची. पत्त्याच्या पट्टीतच शब्द टाइप करा, पण 'गो' दाबू नका. दाबलंत की तो शब्द घेऊन सफारी इंटरनेटवर निघते आणि वाचत असलेलं पान हातचं जातं. सूचनांची यादी तळापर्यंत सरकवा, तिथे 'ऑन धिस पेज' हा भाग असतो आणि जुळण्यांची संख्याही. तिथली ओळ दाबली की शोध सुरू. मराठी कीबोर्डवर जायला ग्लोबच्या चित्राची कळ.

सफारीत क्रोमसारखी कडेची रेघांची पट्टी नाही, बाणच दाबत जावं लागतं. पण तिचा रीडर, म्हणजे पानातला नुसता मजकूर दाखवणारी सोय, चांगला आहे. बातमीच्या पानावर जाहिराती आणि 'हेही वाचा'च्या माळा असतील तर आधी रीडर लावा आणि मग शोधा. मजकुराबाहेरच्या फालतू जुळण्या आपोआप गळतात. पीडीएफच्या बाबतीतही सफारी पुढे आहे, ती फाइल ब्राउझरातच उघडते आणि तिथेच शोधू देते.

टॅब्लेटला खरा कीबोर्ड जोडलेला असेल तर मेनू विसरा. आयपॅडवर कमांड आणि एफ, अँड्रॉइडवर कंट्रोल आणि एफ. ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात टॅब्लेट दिवसभर याच कामाला असेल तर साधा ब्लूटूथ कीबोर्ड घ्यावाच.

बाकीचे थोडक्यात. फायरफॉक्समध्ये तीन ठिपक्यांतून 'फाइंड इन पेज', आकडा येतो, बाण येतात, कडेच्या रेघा येत नाहीत. सॅमसंग इंटरनेटमध्ये तीन आडव्या रेघांचा मेनू उघडतो, त्यात चित्रांची जाळी असते आणि शोधाचं चित्र कधी दुसऱ्या पानावर सरकलेलं असतं. एकदा सापडलं की मेनूची मांडणी बदलून ते पुढे आणून ठेवावं. एजमध्येही मेनूतच. तिघांत मुद्दाम बदलून वापरावं असं काही नाही, जो ब्राउझर हाताला सवयीचा तोच ठेवा. लांब याद्या रोज पाहायच्या असतील तर मात्र क्रोम.

आता मराठी

इथेच बहुतेकांचा शोध आपटतो. 'आंबा' टाइप केलं, पान आंब्याने भरलेलं आहे, आणि आकडा येतो दोन. कारण पानात 'आंब्याचा', 'आंब्याला', 'आंबे', 'आंब्यांची' आहे, आणि यापैकी एकातही 'आंबा' ही अक्षरं या क्रमाने नाहीत. इंग्रजीत शब्दाला शेवटी एखादं अक्षर चिकटतं आणि मूळ शब्द बराचसा तसाच राहतो. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचं शेपूट बदलतं, कधी पोटातलं अक्षरही बदलतं. म्हणून शोधायचा तो शब्द नव्हे, शब्दाचा न बदलणारा पुढचा तुकडा.

साधा नियम असा. शेवटी काना असेल तर तो काढा: 'आंब', 'तालुक', 'जिल्ह'. 'तालुक' टाकलं की तालुका, तालुक्यात, तालुके, तालुकास्तरीय सगळे उजळतात. शेवटी मात्रा असलेल्या गावांची मात्रा काढा: 'गणपतीपुळ' टाकलं की गणपतीपुळे आणि गणपतीपुळ्यात दोन्ही मिळतात. तेही नको, नुसतं 'पुळ' टाका. त्यात गणपतिपुळे असं ऱ्हस्व लिहिणारेही सापडतात. पुळणीचा उल्लेख असेल तर तीही उजळेल, पण ते चालायचंच.

'रा' आणि 'री'ने संपणारे शब्द कोकणात जास्तच त्रास देतात, कारण समुद्राचे बरेच शब्द तेच आहेत. वारा म्हटलं की वाऱ्याचा वेग, किनारा म्हटलं की किनाऱ्यावर, फेरी म्हटलं की फेऱ्या. इथे 'र'चाच 'ऱ' होतो, म्हणजे 'वार' टाकूनही 'वाऱ्याचा' मिळण्याची खात्री नाही. 'र'च्या आधी थांबा. 'किना' चालेल. फेरीसाठी 'फे' फार आखूड पडतं, फेब्रुवारीपासून फेसबुकपर्यंत काहीही उजळेल. तिथे 'फेरी' आणि 'फेऱ्या' असे दोन शोध वेगवेगळे करा. वाऱ्यासाठीही तसंच: 'वाऱ्या' हा हवामानाच्या मराठी पानांवर 'वारा'पेक्षा जास्त उपयोगाचा शोध आहे, कारण इशाऱ्यात वाक्य 'वाऱ्याचा वेग' असंच येतं.

पाऊस तर आणखी अवघड. पाऊस, पावसाचा, पावसाळी यांत सारखं उरतं ते नुसतं 'पा'. म्हणून 'पाऊस' एकदा आणि 'पावस' एकदा. दुसऱ्या शोधात रत्नागिरीजवळचं पावस गाव सापडलं तर ब्राउझरला बोल लावू नका. देऊळ-देवळात, भाऊ-भावाने यांचीही हीच गत. चिपळूण कुणी चिपळूणला लिहितं, कुणी चिपळुणात. 'चिपळ'पाशी थांबलं की दोन्ही हाती येतात.

शब्दाचा शेवटचा तुकडा टाकून शोधायचं टाळावं. 'दुर्ग' टाकलं की सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, दुर्गम भाग आणि दुर्गंधी सगळे एका रांगेत उभे राहतात. आणि दोन शब्द एकत्र टाकले तर ब्राउझर ते शेजारी-शेजारी, त्याच क्रमाने असतील तेव्हाच दाखवतो. 'मालवण बस' असं टाकून 'मालवणहून सुटणारी बस' सापडत नाही. गूगलच्या सवयीने लोक हे करतात आणि शून्य पाहून पान बंद करतात. एका वेळी एकच शब्द, तोही त्यातल्या त्यात दुर्मीळ असलेला.

लेखनभेद

कोकणातली नावं एका पद्धतीने लिहिली जात नाहीत. वेंगुर्ला-वेंगुर्ले, अलिबाग-अलीबाग, मुरुड-मुरूड, हर्णे-हर्णै, बागमांडला-बागमांडले. मच्छीमार आणि मच्छिमार हे एकाच परिपत्रकात दोन परिच्छेदांच्या अंतराने भेटू शकतात, 'मच्छ' टाका. खाडी ओलांडायची फेरीबोट कुठे 'जंगलजेटी' असते, कुठे 'जेट्टी'. 'जेट' या दोन अक्षरांत दोन्ही बसतात. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीच्या वेळा पाहताना तर बोटीचं नाव शोधण्यापेक्षा पलीकडच्या धक्क्याचं शोधावं: 'धोपाव', 'तवसाळ'. ही नावं पानात थोडीच येतात आणि येतात तिथेच वेळा असतात.

हापूसचंही तसंच. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन (इंग्रजीत आखूड रूप जीआय) मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांसाठी. त्याबद्दलच्या पानांवर हापूस, हापुस, अल्फान्सो, मानांकन, निर्देशांक, जीआय असं काहीही लिहिलेलं असतं. 'हाप' टाका, मग 'मानांकन', मग 'जीआय'. रोमन लिपीतलं पान असेल तर लहान-मोठ्या लिपीची काळजी नको, नेहमीच्या शोधात तो भेद धरला जात नाही. रेल्वेचे आखूड कोड मात्र रोमनमध्ये शोधू नयेत. रत्नागिरीचा आरएन टाकला तर रिटर्न, वेस्टर्न, मॉर्निंग या शब्दांचं पोटही उजळतं. गाडीचा क्रमांक सगळ्यात स्वच्छ: मांडवी एक्स्प्रेसचं नाव कसंही लिहिलेलं असो, १०१०३ हा आकडा बदलत नाही.

आकड्यांची मात्र स्वतंत्र पंचाईत आहे. मराठी अंक आणि इंग्रजी अंक ही संगणकाच्या दृष्टीने वेगळी अक्षरं. सगळे ब्राउझर त्यांना एकच धरतील यावर विसंबू नये; एका लिपीत शून्य आलं की दुसऱ्या लिपीत टाकून पाहा. पावसाळी मासेमारीबंदीचं उदाहरण घ्या. १ जून ते ३१ जुलै हा काळ परिपत्रकात '१ जून', '०१ जून', '०१/०६' किंवा '६१ दिवस' अशा कुठल्याही वेशात असू शकतो. तारीख शोधण्यापेक्षा 'जुलै' शोधा, ते कमी वेळा येतं. वेळांमध्येही '१०.३०' आणि '१०:३०' हे ब्राउझरला दोन निराळे शब्द.

काही भेद डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि माणूस तिथे सगळ्यात जास्त चक्रावतो. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या सर्वमान्य यादीत, २००८ साली आलं. त्याआधी 'अ'वर वेगळी अर्धचंद्राची खूण चढवून ते तयार करत, कधी दोहोंच्या मध्ये एक अदृश्य जोडखूण घालून. जुनी पानं आणि जुने कीबोर्ड अजून तसंच करतात. म्हणून पडद्यावर 'ॲप' हुबेहूब दिसतं, तुम्ही टाइप केलेलंही तसंच दिसतं, आणि शोध शून्य दाखवू शकतो. 'वाऱ्या'तल्या 'ऱ'चंही हेच: तो लिहिण्याच्या दोन अधिकृत पद्धती आहेत, एका पद्धतीत नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त, दुसरीत साधा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडखूण. दिसायला एकच. ऑरेंज अलर्ट कुणी 'अलर्ट' लिहितं, कुणी 'ॲलर्ट'. तिथे पुढचा तुकडा धरायचा नियम मोडून 'लर्ट' टाकलेलं बरं.

यावर रामबाण म्हणावा असा उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. हवा असलेला शब्द पानात एकदा तरी डोळ्यांना दिसला की त्यावर बोट दाबून धरा, निवडा, कॉपी करा आणि शोधाच्या खोक्यात चिकटवा. आता खोक्यात पान लिहिणाऱ्याचीच अक्षरं आहेत, अदृश्य खुणांसकट. निवडल्यावर येणाऱ्या पट्टीतलं 'वेब सर्च' मात्र दाबू नका, ते बाहेर नेतं.

टाइप करण्याबद्दल एवढंच: कीबोर्डावरच्या सूचनापट्टीतून शब्द उचलला की त्यामागे मोकळी जागा आपोआप चिकटते. 'वेळ' आणि त्यापुढे जागा असा शोध गेला की 'वेळापत्रक' सापडत नाही, 'वेळ,' सापडत नाही, 'वेळेत' तर नाहीच. शून्य आलं की पहिल्यांदा खोक्यातली शेवटची मोकळी जागा खोडा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

पानाचा दोष कधी

शोध फक्त उतरलेल्या मजकुरात चालतो. खाली जाईल तसं वाढत जाणारं पान असेल, तर न आलेला भाग शोधात नाही. आधी तळापर्यंत सरकवून या, मग शोधा. रेंज कमी असताना आकडा नेहमीपेक्षा लहान आला तर पान अर्धवट उतरलंय का ते पाहा. मिटलेले कप्पे, म्हणजे 'अधिक वाचा' किंवा बाणाने उघडणारे प्रश्नोत्तरांचे भाग, यांतलं बहुधा सापडत नाही. क्रोममध्ये काही पानांवर असा कप्पा शोधाबरोबर आपोआप उघडतो, पण ते पान कसं बांधलंय त्यावर. यादी 'पान १, २, ३' अशी तोडलेली असेल तर प्रत्येक पानावर वेगळा शोध. शक्य तिथे 'एका पानावर १०० ओळी' असा पर्याय आधी निवडा.

इंग्रजी पान क्रोमने मराठीत भाषांतर करून दाखवलं असेल तर शोधायचं ते भाषांतरातलं मराठी, मूळ इंग्रजी नव्हे. शिवाय खालचा भाग तिथे पोचल्यावर भाषांतरित होतो असं अनेकदा घडतं. भाषांतराने गावांच्या नावांची वाट लावलेली असते हेही धरून चाला. अशा वेळी भाषांतर बंद करून रोमन नावाने शोधणं सरळ.

पीडीएफ

शासकीय मराठी कागद बहुतेक पीडीएफच, म्हणून हा भाग टाळता येत नाही. आयपॅडवर सफारीत तो जागच्या जागी उघडतो. अँड्रॉइडवर क्रोम बहुतेक वेळा फाइल उतरवून दुसऱ्या ॲपकडे देतो, नव्या अँड्रॉइडवर आतच दाखवतो. फाइल दुसऱ्या ॲपमध्ये उघडली तर तिथलं भिंगाचं चित्र शोधा, ब्राउझरचे तीन ठिपके नव्हे.

उघडल्यावर शोध शून्य आला तर एक चाचणी करा. एक ओळ निवडून कॉपी करा आणि नोट्समध्ये चिकटवा. तीनपैकी एक गोष्ट घडेल.

रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिखल आला, तर फाइल श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये आहे. दिसायला देवनागरी, आत रोमन. तिथे मराठी टाइप करून काही मिळणार नाही. त्या चिखलातलाच तुकडा कॉपी करून शोधाच्या खोक्यात टाकला तर मिळतं.

मराठी आलं पण मोडकं, वेलांटी आधीच्या अक्षरावर सरकलेली, जोडाक्षरं फुटलेली, तर फाइल युनिकोडमध्येच आहे, पण पीडीएफ करताना अक्षरांचा क्रम बिघडलाय. हा दोष फार पसरलेला आहे आणि त्याला उत्तर सोपं आहे: ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षर नसलेला शब्द निवडा. रत्नागिरी जिल्ह्याच्या ९ तालुक्यांत मंडणगड, दापोली, खेड, गुहागर, लांजा, राजापूर ही नावं सुखरूप निघतात. चिपळूण, संगमेश्वर आणि खुद्द रत्नागिरी अडकतात. सिंधुदुर्गातल्या ८ पैकी देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, सावंतवाडी ठीक. वेंगुर्ला आणि दोडामार्ग रफारामुळे धोक्यात. अडकलेल्या नावाचा सुरक्षित तुकडा घ्यायचा: चिपळूणसाठी 'पळूण', संगमेश्वरसाठी 'संगम', दोडामार्गसाठी 'दोडा'.

काहीच निवडता आलं नाही, बोट दाबल्यावर सगळं पानच चित्रासारखं पकडलं गेलं, तर तो स्कॅन आहे. सही-शिक्क्याची परिपत्रकं, जुने फेरफार, काही सातबारे याच वर्गातले. कुठलाही ब्राउझर इथे काही करू शकत नाही. चित्रातला मजकूर ओळखणारं गूगल लेन्स देवनागरी वाचतं. पानाचा स्क्रीनशॉट घ्या, लेन्समध्ये उघडा, मजकूर निवडून नोट्समध्ये चिकटवा आणि तिथे शोधा. एका वेळी अर्धं पान घेतलं तर वाचन बरं होतं, रकाने असतील तर एकेक रकाना कापून घ्या, नाहीतर शेजारच्या ओळी एकमेकींत घुसतात. आणि गट नंबर, क्षेत्र, तारीख यांची मूळ चित्राशी अंक-अंक पडताळणी करा. अस्पष्ट स्कॅनमध्ये १ चा ९ आणि ५ चा ६ सहज होतो.